जुन्या वस्तूंच्या दुकानात पहिली खरेदी: कोकणातल्या नवख्यांसाठी

माझी पहिली 'अँटिक' खरेदी म्हणजे एक पितळी दुर्बीण. किनाऱ्यालगतच्या एका गावात, पर्यटकांच्या वाटेवरच्या दुकानातून साडेचार हजारांना घेतली. नळीवर कोरलेलं होतं 'रॉस, लंडन, 1915'. जुन्या गलबतावरच्या तांडेलाची आहे, असं दुकानदार म्हणाला. मी ती मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली. पंधरा दिवसांनी दुसऱ्या एका गावात गेले, तर तिथल्या दुकानात तशाच अकरा दुर्बिणी बादलीत छत्र्यांसारख्या उभ्या होत्या. सगळ्यांवर 1915.

उत्तराखंडातल्या रुरकीत ही बोटीवरची पितळी उपकरणं नवी तयार होतात. दुर्बिणी, होकायंत्रं, वाळूची घड्याळं, सगळं. ती देशभरच्या किनाऱ्यांवर विकली जातात. शोभेची म्हणून चार-पाचशेला घेतलीत तर वाईट नाहीत, पण जुनी म्हणून घेऊ नका. 'टायटॅनिक 1912' लिहिलेलं होकायंत्र समोर आलं तर खुशाल हसा आणि पुढे जा.

त्यानंतरच्या सात वर्षांत सिंधुदुर्ग-रत्नागिरीतली बरीच दुकानं पालथी घातली. काही वस्तू चांगल्या मिळाल्या, काहींनी गंडवलं. जे आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, ते इथे लिहिते आहे.

सोबत काय न्यायचं

- लोहचुंबक. फ्रिजवर चिकटवतात तोही चालेल. पितळ, तांबं, कासं यांना तो चिकटत नाही. 'पितळी' समईला चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा.
- दहापटीचं भिंग.
- मोजपट्टीची टेप. वस्तूचं माप घ्याच, पण निघण्याआधी स्वतःच्या दाराचंही घ्या. आमच्या ओटीवर एक पलंग आठ महिने पडून होता, कारण तो माजघराच्या दारातून आत जाईना.
- नाणी घेणार असाल तर खिशातला छोटा वजनकाटा.
- जुना सुती पंचा. धूळ पुसल्याशिवाय काही कळत नाही.
- शक्य असेल तर गावातली सत्तरीच्या पुढची एखादी बाई. थट्टा नाही करत, पुढे सांगते.

1. दुकानात माल येतो कुठून, ते आधी समजून घ्या

कोकणातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात साधारण तीन प्रकारचा माल असतो. पहिला, इथल्याच घरांतला. दिवाळीनंतर वैशाखापर्यंत लोक जुनी कौलारू घरं उतरवतात आणि स्लॅबची बांधतात. त्या घरांचे खांब, दारं, पेटारे, घंगाळं, बंब, पाट, जाती दुकानात येतात. दुसरा माल मुंबईच्या चोर बाजारातून फिरत आलेला: घड्याळं, रेडिओ, ग्रामोफोन, काचेच्या हंड्या. तिसरा माल सरळ नवा. मुरादाबादचं पितळ, राजस्थानातलं 'जुनं' फर्निचर आणि वरची रुरकीची उपकरणं.

तिन्ही एकाच फळीवर मांडलेले असतात आणि धूळही तिघांवर सारखीच असते.

नवख्यांनी पहिल्या प्रकारापासून सुरुवात करावी असं माझं मत. कारण सोपं आहे: ती वस्तू कशी वापरायची हे सांगणारी माणसं अजून तुमच्या शेजारी राहतात. ग्रामोफोन खरा की खोटा हे सांगायला जाणकार शोधावा लागतो. पायली, म्हणजे धान्य मोजायचं माप, खरी की खोटी हे वाडीतली कोणीही म्हातारी सांगेल.

2. गोष्ट नंतर ऐका, वस्तू आधी हातात घ्या

रत्नागिरीत गेलात की प्रत्येक नक्षीदार टेबल थिबा राजाच्या राजवाड्यातलं असतं. अलिबागकडे तेच टेबल आंग्र्यांचं होतं, आणि सावंतवाडीत संस्थानचं. ब्रह्मदेशचा हा पदच्युत राजा 1886 मध्ये रत्नागिरीत आला, 1910 मध्ये बांधून झालेल्या राजवाड्यात राहायला गेला आणि 1916 मध्ये वारला. सहा वर्षांत त्यानं तेवढी टेबलं वापरली असतील तर त्याला दुसरं काही करायला वेळच मिळाला नसेल. गोष्टीला कागदाचा आधार नसेल तर तिचे पैसे देऊ नका.

वस्तू कशी बघायची, ते एका उदाहरणानं सांगते. मी एकदा एक पितळी पायली बघत होते. चार शेरांची एक पायली, सोळा पायल्यांचा मण. रंग छान काळपट होता, कडेला हिरवा कळंक. भाव चढा होता, पण मी घेणारच होते. शेजारच्या काकी सोबत होत्या. त्यांनी पायली उचलली, आतून बोट फिरवलं, मग उलटी करून बूड उजेडात धरलं. म्हणाल्या, "ह्येका कोणाचो हातच लागूक नाय."

नंतर बाहेर येऊन त्यांनी समजावलं. पायली तांदळात खुपसून भरतात, म्हणून तिचा काठ एका बाजूनं झिजतो. वर फळी किंवा तळहात फिरवून सपाट करतात, म्हणून काठाची धार मोडून गुळगुळीत होते. बूड शेणाच्या जमिनीवर आणि दगडी पायरीवर घासून त्यावर सगळ्या दिशांनी बारीक चरे पडतात. या पायलीचा काठ सगळीकडे सारखा जाड होता, आणि काळेपणाही आतबाहेर सारखाच होता. आम्लात बुडवून काढलं की असा रंग येतो. खऱ्या वापरातल्या भांड्याची खोबण काळी पडते आणि जिथे हात लागतो ती जागा उजळ राहते.

हेच सूत्र कुठल्याही वस्तूला लावा. ही वस्तू माणसानं कशी धरली असेल, कुठे ठेवली असेल, कुठे घासली असेल? तिथेच झीज आहे का? अडकित्त्याच्या मुठीवर, पाटाच्या मधोमध, झोपाळ्याच्या कडीत, पेटाऱ्याच्या कोयंड्याखाली. झीज भलत्याच जागी दिसली तर कोणी तरी कानशीनं घासली आहे.

धातूच्या भांड्यांसाठी आणखी काही खुणा:

जुन्या तांब्याच्या हंड्या-घंगाळाला पोटावर किंवा बुडाशी दातेरी सांधा दिसतो. पत्र्याचे दाते एकमेकांत अडकवून झाळलेले असतात. मठारल्याच्या, म्हणजे हातोडीनं ठोकल्याच्या खुणा थोड्या वेड्यावाकड्या असतात. नव्या भांड्यावर त्या यंत्रानं पाडलेल्या, एका मापाच्या असतात, किंवा आतून लेथवर फिरवल्याची गोल वर्तुळं दिसतात.

भांड्यावर नाव घातलेलं असेल तर नशीब समजा. ठिपक्याठिपक्यांनी घातलेल्या नावाबरोबर पुष्कळदा सालही असतं, आणि ते बहुधा शकातलं. त्यात 78 मिळवले की इसवी सन येतं: शके 1852 म्हणजे 1930. मोडी अक्षरं असतील तर फोटो काढून मोडी वाचणाऱ्याला दाखवा. वाटतं त्याहून जास्त माणसांना हल्ली मोडी येते.

समई आणि लामणदिवा सुटे करून बघा. बैठक जुनी, दांडा नवा, वरचं तबक तिसऱ्याच समईचं, असं जुळवलेलं खूप असतं. आटे सहज बसत नसतील, किंवा तिन्ही भागांच्या पितळेचा रंग वेगळा असेल, तर भाव त्याप्रमाणे पाडून मागा.

लाकडासाठी: खणाची पाठ, टेबलाचा तळ, कपाटाची मागची फळी बघा. खोटेपणा करणारे पुढची बाजू सजवतात, मागे प्लायवूड तसंच राहतं. फुलीचा स्क्रू दिसला तर तो भाग तरी नंतरचा आहे. असा स्क्रू अमेरिकेतच 1930 च्या दशकात आला, आपल्याकडे फार पुढे. 'शिसवी' म्हणून दाखवलेल्या वस्तूच्या तळाला नखानं ओरखडा काढा. आत फिकट लाकूड दिसलं तर वर काळं पॉलिश आहे. शिसव वजनानंही कळतं. खुर्ची एका हातानं सहज उचलली गेली तर शंका घ्या. आपल्याकडच्या जुन्या घरांत फणसाचं लाकूडही खूप वापरलेलं आहे. ते मूळचं पिवळं, वयानं तांबूस तपकिरी होतं. दुकानदार त्याला कमी लेखतात. आपण गप्प बसून घ्यावं.

किडीची भोकं असतील तर टाचणी घालून बघा. किडा वाकडातिकडा पोखरतो. टाचणी सरळ आत गेली तर भोक ड्रिलनं पाडलेलं आहे. वस्तू जमिनीवर हलकेच आपटल्यावर पिठासारखा भुसा पडला तर किडा अजून आत जिवंत आहे. ती वस्तू घरात नेऊ नका, बाकीचं फर्निचरही जाईल.

3. छापलेल्या सालावर विसंबू नका

घर उतरवताना मिळालेली मंगळुरी कौलं हल्ली दुकानात सुटी विकतात. 'बासेल मिशन, 1865' असा ठसा दाखवून दीडशे वर्षांचं कौल म्हणून भाव सांगतात. 1865 हे या मिशनरी संस्थेचा मंगळूरमधला कारखाना सुरू झाल्याचं साल. तो ठसा पुढेही वर्षानुवर्षं उमटत राहिला. पहिल्या महायुद्धानंतर कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, त्या नावाच्या कौलांवरही 1865 आहेच. कौल सुंदर असतं, जरूर घ्या, पण कौलाच्या भावात.

नाण्यांचंही तसंच. व्हिक्टोरिया राणीचा 1862 छापलेला रुपया 1874 पर्यंत त्याच सालानं पाडला जात होता. तेव्हापासून 1939 पर्यंतचा चांदीचा रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा. आपल्या आज्या 'रुपयाभार' म्हणायच्या तो हाच. घासलेला थोडा कमी भरेल. दहाच ग्रॅम भरला तर परत ठेवा. 1940 पासून त्यातली चांदी निम्म्यावर आली, तेव्हा त्यानंतरच्या सहाव्या जॉर्जच्या रुपयाला व्हिक्टोरियाच्या रुपयाचा भाव देऊ नका.

आणि एका बाजूला रामदरबार किंवा मारुती, दुसऱ्या बाजूला 'ईस्ट इंडिया कंपनी, 1818, एक आणा' असलेलं नाणं कंपनीनं कधीच पाडलेलं नाही. कोकणातल्या जत्रांमध्ये ते ढिगानं मिळतं. हे नाणं तांदूळ ओढून घेतं, म्हणून परदेशी कंपनी कोट्यवधी देते, असं कोणी सांगू लागला तर तो माणूस ठग आहे. या 'राईस पुलर'च्या नादात महाराष्ट्रात अनेकांनी जमिनी विकल्या आहेत.

रविवर्म्याची जुनी चित्रं घेताना भिंग काढा. त्यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दगडावरच्या त्या छपाईत ठिपके विस्कळीत, लहानमोठे दिसतात आणि रंग एकावर एक चढलेले असतात. आजच्या ऑफसेट छपाईत चार रंगांचे ठिपके नीट ओळीत, छोट्या फुलांसारखे दिसतात. फ्रेम जुनी म्हणून चित्र जुनं ठरत नाही. जुन्या फ्रेमा वेगळ्या विकत मिळतात.

सावंतवाडीचा गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते, मोजून घ्या. दशावतारी संचात 120 पत्ते, मोगल संचात 96. एक पत्ता कमी असला तरी भाव कोसळतो. जुना म्हणून पिवळा केलेला संच महाग घेण्यापेक्षा राजवाड्यात आजही हातानं रंगवतात तो नवा संच घ्या.

4. ज्याला हात लावायचाच नाही

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वाचा, यात अटकेपर्यंत प्रकरण जाऊ शकतं.

सांबरशिंग, हस्तिदंत, कासवाची पाठ, वाघनख. आपल्याकडे बऱ्याच ओट्यांवर सांबरशिंग टांगलेलं असतं, म्हणून त्यात काही चूक आहे असं कोणाला वाटत नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे, शिंग जंगलात पडलेलं सापडलं असलं तरीही.

देवळातलं काहीही. मूर्ती, मुखवटे, पालखीचे भाग, तरंगाची वस्त्रं, घंटा. दिवेआगरला 1997 मध्ये बागेत सापडलेली सोन्याची गणेशमूर्ती 2012 मध्ये दरोडा घालून नेली आणि वितळवली. तेव्हापासून किनारपट्टीवर अशा वस्तूंची चौकशी कडक होते, आणि व्हायलाच हवी.

जमिनीतून निघालेलं काहीही. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचं सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. 'शेतात सापडलं, कोणाला सांगू नका' असं म्हणणाऱ्याकडून घेतलंत तर त्याच्याबरोबर तुम्हीही अडकाल.

शंभर वर्षांहून जुन्या वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्यात येतात. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा 75 वर्षं आहे. त्यांचा व्यापार करायला दुकानदाराला परवाना लागतो. दगडी-धातूच्या मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या अशांची पुरातत्त्व खात्याकडे फोटोसह नोंदणी लागते आणि मालक बदलला की तेही कळवावं लागतं. घरातल्या घंगाळ-पातेल्यांसाठी ही यातायात नाही. पण अमेरिकेतल्या भाच्याला भेट म्हणून पणजीची समई सामानात घालून देऊ नका. शंभर वर्षांपुढची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि विमानतळावर वय सिद्ध करायची वेळ तुमच्यावर येते.

5. भाव

पितळ-तांब्याला तळाचा भाव असतो: मोड, म्हणजे भंगाराचा भाव. आज मोडीत काय किलो चाललंय ते बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात विचारून निघा. वस्तूचं वजन अंदाजे धरून गुणा. त्याच्या वर जे मागतात ते घडणीचे, वयाचे आणि तुमच्या चेहऱ्यावरच्या आनंदाचे पैसे. शेवटचे तेवढे कमी करता येतात. "मोड किती बसेल याची?" एवढं विचारलंत तरी गिऱ्हाईक अगदीच कोरं नाही हे समोरच्याला कळतं.

इंटरनेटवर लोक काय मागतात ते बघून भाव ठरवू नका. मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यांत फार अंतर असतं.

पावसाळ्यात गिऱ्हाईक नसतं, भाव नरम असतो. तेव्हा धातूच्या वस्तू घ्या. लाकूड मात्र फुगलेलं असतं, खण अडकतात, चिरा मिटून जातात, त्यामुळे खरं रूप दिसत नाही. लाकूड मार्च-एप्रिलात बघा.

6. घरातून थेट घेणार असाल तर

दुकानापेक्षा स्वस्त पडतं, आणि डोकेदुखीही दुप्पट. कोकणातलं घर क्वचितच एकट्याचं असतं. मी शेजारच्या वाडीतून एक तांब्याचा बंब घेतला, पैसे रोख दिले. गणपतीत मुंबईहून चुलत भाऊ आले आणि माझ्या पडवीत उभे राहून म्हणाले, "हा आमच्या आजीचा बंब." त्यांचंही बरोबर होतं. बंब परत गेला, पैसे तीन हप्त्यांत आले, आणि त्या दोन घरांतलं बोलणं अजून बंद आहे.

म्हणून घर सामाईक आहे का ते आधी विचारा. हिस्सेदारांपैकी जे मुंबई-पुण्याला असतील त्यांना विकणाऱ्याच्याच फोनवरून, तुमच्या समोर फोन लावायला सांगा. महागाची वस्तू असेल तर दोन ओळींचं संमतिपत्र सगळ्यांच्या सह्यांनी घ्या. गणपतीच्या दिवसांत सगळे एकत्र असतात, तेव्हाच व्यवहार केलेला उत्तम.

7. कागद

पावतीवर नुसतं 'पितळी वस्तू 1 नग' नको. हे सगळं असू द्या:

- दुकानाचं नाव-पत्ता, तारीख, पैसे कसे दिले
- वस्तूचं वर्णन, माप, वजन, दिसणारे दोष
- दुकानदार जे वय सांगतो ते, त्याच्याच अक्षरात
- नोंदणी असलेली वस्तू असेल तर प्रमाणपत्राची प्रत
- वस्तूचा दुकानातच काढलेला फोटो

वय लिहून मागितलं की 'दीडशे वर्षांची' वस्तू पुष्कळदा तिथल्या तिथे 'जुनी' होते. तुम्हाला उत्तर मिळालेलं असतं.

8. घरी आणल्यावर

पहिले आठ दिवस काही करू नका. चिंच, पितांबरी, राखुंडी, सगळं लांब ठेवा. एकदा घासून लखलखीत केलेलं पितळ पुन्हा आधीसारखं काळपट व्हायला वर्षं लागतात, आणि नाणं घासलंत तर त्याची किंमतच गेली. हिरवा कळंक तेवढा कोरड्या फडक्यानं आणि बांबूच्या काडीनं काढा. तांब्या-पितळेच्या भांड्यात रांधणार असाल तर आधी कल्हई करून घ्या.

जुना व्हॉल्व्हचा रेडिओ आणल्या आणल्या प्लगमध्ये घालू नका. आतले कपॅसिटर वाळलेले असतात, धूर निघतो. मेकॅनिककडून तपासून घ्या. ग्रामोफोनची पोलादी सुई प्रत्येक बाजूला नवी घालावी लागते. तीच वापरत राहिलात तर तबकडी खरवडली जाते. तबकड्या उभ्या ठेवा, उन्हापासून लांब.

लाकडाची वस्तू आठवडाभर पडवीत, सावलीत, घरातल्या सामानापासून वेगळी ठेवा आणि खाली पांढरा कागद पसरा. कागदावर भुसा दिसला तर किडीचं औषध भोकाभोकांत सिरिंजनं सोडून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. पाय थेट जमिनीला लावू नका; दगडी किंवा फरशीच्या तुकड्यावर ठेवले की वाळवी चढताना दिसते तरी.

जुने फोटो, पत्रं, पोथ्या लॅमिनेट करू नका. आत ओल अडकते आणि पुन्हा सोडवता येत नाही. कापडात गुंडाळा, डांबरगोळ्या कापडाबाहेर ठेवा, आणि आषाढ-श्रावणात पाऊस उघडला की तासभर पंख्याखाली मोकळ्या करा. कसर लागली आहे का, हे तेव्हाच कळतं.